वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (जन्म : १३ एप्रिल १८९५, मृत्यू : २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ आणि कर्करोग संशोधक होते. भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील प्रयोगशाळा व संशोधन विभागाचे ते संचालक होते. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना त्यांच्या पुढाकाराने झाली. कर्करोग, कुष्ठरोग आणि रक्तगट या तीन विषयांत त्यांचे संशोधन महत्त्वाचे मानले जाते. तंबाखू खाणे, विडी ओढणे यांसारख्या सवयी आणि तोंड, घसा व अन्ननलिका यांचे कर्करोग यांच्यातील संबंध त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांच्या नोंदींवरून पद्धतशीरपणे दाखवून दिला. देशातील तंबाखू प्रतिबंधाच्या पुढील कार्याला या अभ्यासाचा आधार मिळाला.

शिक्षण व अध्यापन

खानोलकर यांचा जन्म गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. त्यांनी लंडन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९२३ मध्ये विकृतिशास्त्र या विषयात एम. डी. ही पदवी मिळविली. भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे अध्यापन केले.

त्या काळात भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये विकृतिशास्त्र हा प्रामुख्याने शवविच्छेदन आणि निदान यांपुरता मर्यादित विषय होता. रोगाच्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी करून रोगाचे नाव ठरविणे, हे विकृतिशास्त्रज्ञाचे मुख्य काम समजले जाई. रोग कोणाला होतो, कोणाला होत नाही आणि का, हा प्रश्न खानोलकरांनी त्याला जोडला. विकृतिशास्त्राची सूक्ष्म पाहणी आणि रोगप्रसारशास्त्राची समूहाकडे पाहण्याची दृष्टी यांची सांगड हे त्यांच्या पुढील संशोधनाचे वैशिष्ट्य ठरले.

टाटा मेमोरियल रुग्णालय

मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर सर दोराबजी टाटा न्यासाने मुंबईतील परळ येथे कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारण्याचे काम हाती घेतले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. खानोलकर या रुग्णालयात प्रयोगशाळा व संशोधन विभागाचे संचालक म्हणून रुजू झाले.

या रुग्णालयात देशाच्या निरनिराळ्या भागांतून रुग्ण येत. मुंबई शहरातच दख्खनी हिंदू, गुजराती, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशा अनेक समाजांची वस्ती होती आणि त्यांच्या खाण्यापिण्याच्या व व्यसनांच्या सवयी वेगवेगळ्या होत्या. एकाच शहरात, एकाच हवामानात राहणाऱ्या या समाजांमध्ये कर्करोगाचे प्रकार मात्र सारखे नव्हते. खानोलकरांनी या परिस्थितीचा संशोधनासाठी उपयोग करून घेतला. रुग्णाच्या गाठीचे स्थान व स्वरूप यांबरोबरच त्याचा समाज आणि त्याच्या सवयी यांचाही त्यांनी विचार केला.

तोंडाच्या कर्करोगाचा अभ्यास

पार्श्वभूमी

भारतात तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आहे, हे खानोलकरांच्या आधीही काही डॉक्टरांच्या लक्षात आले होते. १९३३ मध्ये ऑर या डॉक्टरांनी त्रावणकोरमधील विडा खाणाऱ्या लोकांमधील तोंडाच्या कर्करोगाविषयी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लेख लिहिला होता. तथापि हे निष्कर्ष एखाद्या प्रदेशापुरते होते. हा रोग भारतीयांच्या वंशाशी, आहाराशी, दातांच्या अस्वच्छतेशी की सवयींशी निगडित आहे, याविषयी मतभेद होते.

या प्रश्नाचे व्यावहारिक महत्त्व मोठे होते. रोग वंशामुळे होत असेल, तर वैद्यकाच्या हाती केवळ उपचार उरतात. तो सवयीमुळे होत असेल, तर सवय लागू न देणे आणि लागलेली सवय सोडविणे हा त्यावरील प्रतिबंधक उपाय ठरतो. त्या काळी तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हेच उपचार उपलब्ध होते. रोग वाढलेल्या अवस्थेत येणाऱ्या रुग्णांना त्यांचा मर्यादित उपयोग होई.

एक हजार रुग्णांचा आढावा

१९४४ मध्ये खानोलकरांनी 'कॅन्सर रिसर्च' या अमेरिकी नियतकालिकात मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. रुग्ण निवडून न घेता ओळीने आलेले सर्व रुग्ण विचारात घेतल्यामुळे या अभ्यासाला विशेष मोल आहे.

या व यानंतरच्या अभ्यासांतून एक ठळक चित्र पुढे आले. दख्खनी हिंदूंमध्ये तंबाखू किंवा तंबाखूचा विडा खाण्याची सवय अधिक होती आणि त्यांच्यात गालाच्या आतील अस्तराचा व तोंडाच्या पुढील भागाचा कर्करोग अधिक आढळे. विडी ओढण्याची सवय अधिक असलेल्या गुजराती रुग्णांमध्ये जिभेचे मूळ व घसा या मागील भागांचा कर्करोग अधिक आढळे. पारशी समाजात अग्नी पवित्र मानला जात असल्याने धूम्रपान निषिद्ध होते. या समाजात तोंडाचा व घशाचा कर्करोग कमी आणि स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक आढळत असे. कर्करोगाची जागा सवयीनुसार बदलते, ही गोष्ट केवळ वंशाचे कारण पुढे करून स्पष्ट करता येत नव्हती.

सवयींमुळे होणारे तीन कर्करोग

१९४५ मध्ये खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी सवयी व चालीरीती यांच्याशी निगडित अशा तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन केले. काश्मीरमध्ये थंडीपासून बचावासाठी अंगाशी धरल्या जाणाऱ्या कांगडीमुळे पोटाच्या व मांडीच्या त्वचेला होणारा कर्करोग त्याआधीच ज्ञात होता. खानोलकर व सूर्याबाई यांनी त्यात पुढील प्रकारांची भर घातली.

पहिला प्रकार खैनीशी संबंधित होता. तंबाखू व चुना हातावर मळून खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधील खोबणीत धरून ठेवण्याची सवय असलेल्या लोकांमध्ये नेमक्या त्याच जागी कर्करोग होत असल्याचे त्यांना आढळले.

दुसरा प्रकार चुट्टा या जाडसर विडीचा होता. आंध्र प्रदेशाच्या किनारी भागात चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून धूर ओढण्याची पद्धत होती. ही सवय स्त्रियांमध्येही मोठ्या प्रमाणावर होती. अशा लोकांमध्ये एरवी क्वचित होणारा टाळूचा कर्करोग आढळे.

तिसरा प्रकार तंबाखूशी संबंधित नव्हता. कमरेला धोतर घट्ट नेसल्यामुळे वर्षानुवर्षे एकाच जागी होणारे घर्षण आणि त्यातून त्वचेला होणारा कर्करोग असा तो होता.

या तिन्ही प्रकारांत एक समान सूत्र होते. शरीराच्या ज्या जागेला दीर्घकाळ आणि वारंवार इजा पोहोचते, त्याच जागी रोग उद्भवतो. तंबाखूची गोळी जिथे ठेवली जाते तिथेच गाठ होते, हे निरीक्षण सामान्य माणसालाही समजण्यासारखे असल्याने पुढे आरोग्य शिक्षणातही ते उपयोगी पडले.

१९५५ चा अभ्यास

१९५० मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आणि अमेरिकेत अर्न्स्ट वाइंडर व एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांच्यातील संबंध दाखविणारे अभ्यास प्रसिद्ध केले. या अभ्यासांत कर्करोगाच्या रुग्णांची तुलना तो रोग नसलेल्या लोकांशी करण्याची पद्धत वापरलेली होती.

१९५५ मध्ये एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांनी अशाच तुलनात्मक पद्धतीने केलेला अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. तंबाखू ओढणे, तंबाखू खाणे आणि पचनमार्गाच्या वरच्या भागाचे कर्करोग हा त्याचा विषय होता. केवळ तंबाखू खाणाऱ्यांमध्ये तोंडाच्या पोकळीचा कर्करोग, तर केवळ विडी ओढणाऱ्यांमध्ये जिभेच्या मुळाचा व घशाचा कर्करोग विशेषत्वाने आढळला. दोन्ही सवयी असलेल्यांमध्ये घशाच्या खालच्या भागाचा व अन्ननलिकेचा धोका वाढलेला दिसला.

पाश्चात्त्य देशांत त्या वेळी तंबाखूचा विचार प्रामुख्याने सिगारेट आणि फुप्फुस यांच्या संदर्भात होत होता. या अभ्यासाने दोन वेगळ्या गोष्टी पुढे आणल्या. धूर न होणारी तंबाखूही कर्करोगाशी निगडित आहे, ही पहिली. विडी सिगारेटपेक्षा लहान असली तरी निरुपद्रवी नाही, ही दुसरी. भारतासारख्या देशात सिगारेट ओढणारे थोडे आणि विडी ओढणारे व तंबाखू खाणारे पुष्कळ असल्याने हे निष्कर्ष येथील सार्वजनिक आरोग्यासाठी अधिक उपयुक्त होते.

हा अभ्यास रुग्णालयात आलेल्या लोकांपुरता मर्यादित होता. समाजात एकूण किती लोकांना हा रोग होतो, हे त्यातून कळू शकत नव्हते. ही उणीव भरून काढण्याचे काम पुढील पिढीने केले. १९६३ मध्ये मुंबईत भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू झाली.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली. खानोलकर त्याचे संस्थापक संचालक होते. पेशीजीवशास्त्र, ऊतिसंवर्धन, आनुवंशिकी, जैवरसायन अशा निरनिराळ्या शाखांतील तरुण संशोधकांना त्यांनी येथे एकत्र आणले. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच. डी. केली आणि पुढे याच केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. लोकसंख्या आनुवंशिकी व कर्करोगाच्या रोगप्रसाराचे अभ्यासक एल. डी. संघवी हेही त्यांचे निकटचे सहकारी होते.

टाटा मेमोरियल रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर ही संस्था आकाराला आली. संशोधन केंद्र पुढे कर्करोग संशोधन संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले आणि नंतर त्याचे स्थलांतर नवी मुंबईतील खारघर येथे झाले.

अन्य संशोधन

कुष्ठरोगाच्या जंतूंचा चेतातंतूंमध्ये होणारा प्रवेश आणि रोगाच्या प्रारंभीच्या अवस्था यांवर खानोलकरांनी महत्त्वाचे काम केले. १९५८ मध्ये बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतींपासून मिळविलेल्या एका जंतूच्या प्रयोगशाळेतील वाढीविषयी संशोधन प्रसिद्ध केले. संशोधन केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हा जंतू आयसीआरसी बॅसिलस म्हणून ओळखला जातो. पुढे त्यापासून कुष्ठरोगावरील लस तयार करण्याचे प्रयत्न झाले.

मुंबईतील अंतर्विवाही समाजांच्या रक्तगटांचा व अन्य आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास त्यांनी संघवी यांच्यासह केला. भारतातील लोकसंख्या आनुवंशिकीच्या प्रारंभीच्या अभ्यासांमध्ये त्याची गणना होते.

सार्वजनिक जबाबदाऱ्या व सन्मान

खानोलकर १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारतातील विकृतिशास्त्रज्ञांची संघटना उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीच्या कामातही त्यांचा सहभाग होता. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला आणि वैद्यक विषयातील राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती केली. खारघर येथील संशोधन संकुलातील एका इमारतीला 'खानोलकर शोधिका' असे नाव देण्यात आले आहे.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तंबाखू प्रतिबंधावरील प्रभाव

गावपातळीवरील पाहण्या

खानोलकरांचे काम प्रामुख्याने प्रयोगशाळेत व रुग्णालयात झाले. त्यांच्या निष्कर्षांची खेड्यापाड्यांत पडताळणी मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन विभागाने केली. डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात भावनगर, दरभंगा, एर्नाकुलम, सिंगभूम आणि श्रीकाकुलम या पाच जिल्ह्यांतील ५०,९१५ ग्रामस्थांची घरोघरी जाऊन तोंडाची तपासणी केली. त्यानंतर महाराष्ट्रात १,०१,७६१ ग्रामस्थांची पाहणी झाली आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडाचा कर्करोग आणि त्याआधी दिसणारे पांढरे चट्टे हे तंबाखूचा वापर करणाऱ्यांमध्येच प्रामुख्याने आढळतात, हे या पाहण्यांतून स्पष्ट झाले.

सवय सोडविण्याचा प्रयोग

सवय हे कारण असेल, तर सवय सुटल्यावर रोग कमी व्हायला हवा, हा खानोलकरांच्या निष्कर्षांतून निघणारा तर्क होता. त्याची चाचणी मेहता, प्रकाश गुप्ता व सहकाऱ्यांनी एर्नाकुलम, भावनगर व श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील तंबाखूचे सेवन करणाऱ्या सुमारे ३६,००० ग्रामस्थांवर केली. दंतवैद्य व समाजसेवक यांनी ग्रामस्थांना प्रत्यक्ष भेटून सल्ला दिला. चित्रपट, भित्तिपत्रके, आकाशवाणी आणि वृत्तपत्रे यांचीही जोड देण्यात आली. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार अशा प्रयत्नांमुळे लोक तंबाखू सोडतात किंवा कमी करतात आणि त्यांच्यात तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण घटते. साध्या सल्ल्याचाही उपयोग होतो, हे यातून दिसून आले.

कायदे

१९७५ मध्ये संसदेने सिगारेटविषयक कायदा केला आणि सिगारेटच्या पाकिटावर आरोग्याला धोका असल्याची सूचना छापणे बंधनकारक झाले. हा कायदा केवळ सिगारेटला लागू होता. खानोलकरांनी ज्यांचा अभ्यास केला होता ती विडी आणि खाण्याची तंबाखू त्याच्या कक्षेबाहेर राहिली. त्यांच्या निधनापर्यंत ही स्थिती कायम होती. २००३ च्या कायद्याने विडी, खाण्याची तंबाखू व गुटखा यांसह सर्व तंबाखूजन्य पदार्थ नियमनाखाली आले. या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास, जाहिरातींना आणि १८ वर्षांखालील व्यक्तींना विक्री करण्यास मनाई केली. शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत विक्रीलाही बंदी घालण्यात आली. मे २००९ पासून वेष्टनांवर चित्ररूप इशारे छापले जाऊ लागले. २०१२ मध्ये महाराष्ट्र शासनाने गुटख्याच्या उत्पादन व विक्रीवर बंदी घातली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूयुक्त विडा हा मानवात कर्करोग निर्माण करणारा असल्याचे जाहीर केले. २००४ मध्ये सुपारीचाही त्यात समावेश झाला.

ग्रामीण महाराष्ट्रातील स्थिती

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. त्यांपैकी धूम्रपान करणारे १०.७ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २१.४ टक्के होते. काही जणांना दोन्ही सवयी असल्याने या दोन आकड्यांची बेरीज एकूण प्रमाणापेक्षा अधिक होते. महाराष्ट्रात ही तफावत आणखी मोठी आहे. येथे ओढण्यापेक्षा खाण्याची व मिश्री लावण्याची सवय कितीतरी अधिक दिसते. तंबाखू भाजून काळी पूड करून दातांना लावण्याची मिश्रीची सवय विशेषतः ग्रामीण स्त्रियांमध्ये आढळते. ती दंतमंजनाचा प्रकार समजली जात असल्याने अनेकदा व्यसन म्हणून तिची नोंदच होत नाही. त्यामुळे तपासणीच्या वेळी धूम्रपानाबरोबर चुना-तंबाखू, गुटखा, सुपारी आणि मिश्री यांविषयी स्वतंत्रपणे विचारणे आवश्यक ठरते.

तोंडातील बदल प्रथम दंतवैद्याच्या दृष्टीस पडत असल्याने सवय सोडविण्याच्या कामात दंत महाविद्यालयांना महत्त्व आले आहे. भारतीय दंत परिषदेने दंत महाविद्यालयांमध्ये तंबाखूमुक्ती केंद्रे चालविण्याचे धोरण स्वीकारले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात राहाता तालुक्यातील लोणी येथे प्रवरा आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. अशा ग्रामीण संस्थांमुळे तोंडाची तपासणी आणि सवय सोडण्याचा सल्ला या दोन्ही गोष्टी मोठ्या शहरात न जाता मिळू शकतात. २०१६ पासून केंद्र सरकारची निःशुल्क तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे आणि तिचा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनावर छापला जातो.

तोंडात बरी न होणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे ही लक्षणे आढळल्यास तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो. तंबाखू सोडल्यानंतर कर्करोगाचा धोका काळानुसार कमी होत जातो. तोंडाचा कर्करोग पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगा आहे, ही आज सर्वमान्य असलेली गोष्ट भारतीय रुग्णांच्या नोंदींवरून दाखवून देणाऱ्या प्रारंभीच्या संशोधकांमध्ये खानोलकर यांचे स्थान अग्रगण्य आहे.